पेटीत किती लाईट?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या संध्याकाळी लाईट गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. वैशाखात वारा सुटला की आमच्या फीडरवर कुठंतरी फांदी टेकते, जंपर तुटतो आणि वायरमनचा फोन लागत नाही. गल्लीत अंधार झाला, पण आमच्या ओट्यावर दोन बल्ब आणि टेबलफॅन चालूच राहिले, तेव्हा शेजारची मोठी माय पदरानं वारा घेत येऊन बसली. पलीकडच्या आळीत माहेरवाशिणींची गौराईची गाणी चालली होती, तीही अंधारातच, आणि लाईट गेल्यापासून त्यांचा सूर उलट जरा चढलाच होता. मोठ्या मायचं लक्ष गाण्यांकडे नव्हतं. भिंतीशी ठेवलेल्या, आम्ही घरी केलेल्या बॅटरीच्या पेटीवरचा निळा आकडा ती बघत होती. मग म्हणाली, "तुनी पेटीमा कितली लाईट शे वं माय?" मी म्हटलं, "त्रेसष्ट टक्के." टक्के शाळेत असतात, तिनं नुसती मान हलवली. मग मी दुसऱ्या रीतीनं सांगितलं: हा पंखा आणि हे दोन बल्ब सकाळपर्यंत चालतील. "आन् दोन पंखा लावात ते?" तर मध्यरात्र उलटेपर्यंत. "मंग कणगीच म्हन ना," असं म्हणून तिनं विषय संपवला आणि पंख्याच्या समोर सरकून बसली.

विषय तिच्यापुरता संपला. मला मात्र तो प्रश्न कितीतरी दिवस टोचत राहिला, कारण आयुष्यभर विजेखाली राहूनही हा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता. लाईट असते किंवा नसते. ती किती आहे, हे आपण विचारत नाही, कधी येणार एवढंच विचारतो. माझं माहेर वरणगावच्या बाजूचं. रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपलं की दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसायचे, आणि त्या दिव्यांकडे बघत आम्ही अंधारात पडलेलो असायचो. तो काळच भारनियमनाचा, अख्ख्या राज्यात तीच गत. वडिलांनी वर्तमानपत्रातलं भारनियमनाचं वेळापत्रक कापून देवघराच्या दारामागं चिकटवलं होतं. डी.एड.चा अभ्यास मी त्या वेळापत्रकाप्रमाणे केला. पाठांतर अंधारात आणि पाठ टाचण उजेडात. पण त्या चिमण्यांखाली आज किती कोळसा आहे, किती मेगावॉट कमी पडताहेत, हे आमच्या अंगणात कुणाच्या मनातही आलं नाही. लाईट आली की पोरं ओरडायची, गेली की मोठी माणसं शिव्या द्यायची. मधलं काही नव्हतं.

पेटी करायचं डोक्यात आलं ते पुतण्यामुळे. तो धुळ्याला पॉलिटेक्निकला आहे, आणि त्याच्या वयाच्या पोरांना जे तयार मिळतं ते उघडून बघायची खाज असते. घरात आधी एक इन्व्हर्टर होताच, जिन्याखाली, लेड-ॲसिडच्या बॅटरीवर. त्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं कुणाच्याच लक्षात राहायचं नाही, आणि ती अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, हेही आम्हाला ती मेल्यावर कळलं. पुतण्या म्हणाला, काकू, आपण लिथियमची करू, उचलून शेतात नेता येईल अशी. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं. घरात ही बातमी फुटली आणि पहिला प्रश्न आला तो खान्देशात येणारच असा होता: "याच्यावर मोटार चालेल का?" आमच्या ह्यांनी विचारला, दिरांनी विचारला, दूध घालायला येणाऱ्यानंही विचारला. पाच एचपीची मोटार म्हणजे पावणेचार हजार वॉट, आणि सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट ओढते. आमची पेटी पोटात धरणार साधारण १२८० वॉट-तास, म्हणजे १२८० वॉट तासभर चालतील एवढी वीज. म्हणजे इन्व्हर्टर जळाला नाही असं गृहीत धरलं तरी वीस मिनिटांत पेटी रिकामी, आणि तेवढ्यात कपाशीच्या दोन सऱ्याही भिजायच्या नाहीत. हे ऐकल्यावर ह्यांचा पेटीतला रस तिथंच संपला. शेतपंपासाठी रात्रपाळीनं मिळणाऱ्या थ्री फेज लाईटला टॉर्च आणि काठी घेऊन बारं द्यायला जाणाऱ्या माणसाला मोटार न चालवणारी वीज म्हणजे खेळणंच वाटणार. मला त्यांचा राग आला, आणि ते चुकीचं बोलत नाहीत हेही कळत होतं.

सेल आले ते थर्माकोलमध्ये गुंडाळून. चार निळे चौकोनी ठोकळे, प्रत्येक दोन किलोच्या आसपास, वर दोन ध्रुव आणि मध्ये एक क्यूआर कोड. पुतण्यानं मल्टीमीटर लावला: ३.२९, ३.२९, ३.३०, ३.२९. तो खूश झाला. एकसारखे आले म्हणाला. मला हसू आलं, सव्वातीन व्होल्टला काय घाबरायचं! त्यानं पान्याच्या दांड्याला टोकापर्यंत काळी टेप गुंडाळायला घेतली आणि मान वर न करता म्हणाला, "काकू, पाटल्या काढा. काचेच्या राहू द्या. आणि मंगळसूत्र आत खोचा." एवढे व्होल्ट अंगाला काही करत नाहीत, पण दोन ध्रुवांवर आडवा धातू पडला तर त्या एवढ्याशा ठोकळ्यातून क्षणात शेकड्यानं अँपियर धावतात. पाना असेल तर तो चिकटून लाल होतो, सोनं असेल तर मनगटासकट. मी पाटल्या काढून भिंतीतल्या दिवळीत ठेवल्या. लग्नानंतर त्या हातातून उतरल्या होत्या त्या फक्त गहाण टाकताना आणि सोडवून आणल्यावर धुताना. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. दिवळीपाशी गेल्या, पाटल्या उचलून स्वतःच्या कनवटीला लावल्या आणि काम होईपर्यंत तिथंच पाटावर बसून राहिल्या. आम्ही तांब्याच्या पट्ट्या आवळत होतो, पुतण्या प्रत्येक नट घट्ट करून वायर ओढून बघत होता. सैल नट गरम होतो, काकू, आग तिथनंच लागते, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. वायरच्या टोकांना लग, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून बसवल्या आणि वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवली, तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबल करंगळीएवढी जाड, कारण चार सेल एकापुढं एक जोडून होणाऱ्या बारा व्होल्टवर हजार वॉट काढायचे तर ऐंशी-नव्वद अँपियर वाहतात. मध्ये फ्यूज. पेटी गावातल्या सुतारानं प्लायवूडची करून दिली, दोन बाजूंना दोन कड्या. त्याला वाटलं भजनी मंडळाच्या हार्मोनियमला हवी आहे. म्हणून त्यानं झाकणावर कमळ कोरून दिलं, आणि ते आम्ही तसंच ठेवलं.

हे सेल मोबाईलमधल्या बॅटरीच्या जातीचे नाहीत. यांच्यात लोह आणि फॉस्फेट, कोबाल्ट नाही. जड असतात, जागा जास्त खातात, पण तापले तरी सहजी भडकत नाहीत, आणि नीट वापरले तर दोन-तीन हजार वेळा भरून उतरवता येतात. हे रसायन अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, १९९७ साली त्याचा शोधनिबंध आला, आणि त्या निबंधावर पहिलं नाव होतं अक्षय पाधी या भारतीय संशोधकाचं. गुडइनफना २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, लिथियम-आयन बॅटरीवरच्या एकूण कामासाठी नोबेल मिळालं. सातवीच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एका पोरानं विचारलं, मग पाधींना काय मिळालं? त्या पोराला दर परीक्षेत काठावर गुण पडतात.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. चारही सेल एका पातळीवर आणायचे. त्यासाठी ते आधी समांतर जोडून, पॉवर सप्लाय ३.६५ व्होल्टवर बांधून, दहा अँपियरनं भरत बसायचे. पूर्ण दिवस गेला, रात्र गेली. मी रात्री पाणी प्यायला उठले की मीटर बघायची: ३.३३. पहाटे सडा टाकायला उठले: ३.३४. शाळेतून आले तरी जेमतेम ३.३६. मला वाटलं काहीतरी अडकलंय. पुतण्या फोनवर हसला, थांबा म्हणाला. आणि मग अगदी शेवटी तो आकडा असा वर सुटला की बघताबघता ३.५० च्या पुढे गेला आणि ३.६५ ला जाऊन टेकला. या सेलचा स्वभावच तसा. वीस टक्के भरलेला असो की ऐंशी, बाहेरून व्होल्ट जवळपास तेच दाखवतो. रिकामा व्हायला आला की एकदम पडतो, भरत आला की एकदम चढतो, मधल्या सगळ्या काळात तोंडावर काही दिसू देत नाही.

म्हणजे मोठ्या मायनं विचारलेला प्रश्न साधा नव्हताच.

पेटीत किती लाईट आहे हे पेटीकडे बघून कळत नाही. त्यासाठी ऋण टोकावर एक शंट बसवावा लागतो. हा पितळी ठोकळ्यांमध्ये बसवलेला, अगदी थोडा रोध असलेला धातूचा तुकडा. त्यातून गेलेला आणि आलेला प्रत्येक अँपियर मोजला जातो आणि छोटी चिप त्याची बेरीज-वजाबाकी करत राहते. किती घातलं, किती काढलं, म्हणून किती उरलं. ती बेरीजही हळूहळू चुकत जाते, म्हणून अधूनमधून पेटी काठोकाठ भरून आकडा पुन्हा शंभरवर आणावा लागतो. वरचा तो निळा आकडा म्हणजे पेटीनं सांगितलेलं सत्य नाही, खातेवहीतली शिल्लक आहे. सासूबाईंच्या पिढीतल्या बायका मात्र न मोजता सांगायच्या, ज्वारी आखाजीपर्यंत पुरेल की नाही. बुडाशी हात घातला की त्यांना कळायचं. हे कौशल्य माझ्या पिढीपर्यंत आलंच नाही, कारण आम्हाला रेशन आणि पगार दोन्ही महिन्याच्या महिन्याला मिळाले.

पॅनल धाब्यावर ठेवलं. ३३० वॉटचं, सहा-साडेसहा फूट लांब, वजन बावीस किलो. आणि तिथून घरात सीमावाद सुरू झाला, कारण चैत्र-वैशाखात आमचं धाबं पॅनलचं नसतं, बिबड्यांचं असतं. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून, पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात तिचं पीठ शिजतं. लसूण, जिरं, तीळ, मिरचीचा तो आंबूस-तिखट वाफारा जिन्यानं वर येतो, आणि उन्हं तापायच्या आत बायका ओल्या हातानं जुन्या लुगड्यांवर बिबडे थापून मोकळ्या होतात. त्या वर्षी लुगडी अंथरताना पॅनल मध्ये आलं. सासूबाईंनी पॅनल नावाची वस्तू काय आहे हे नीट पारखलं: गुळगुळीत, उतरती, तापलेली, धूळ पुसलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर आपलं धुतलेलं लुगडं वाळत घातलं. खाली माझ्या मोबाईलवर पॅनलच्या वॉटचा आकडा २४० वरून १६० वर आला. मी जिना चढेपर्यंत वाऱ्यानं पदर पुढं सरकला आणि आकडा शून्य झाला. पॅनलमधल्या ७२ चकत्या तीन गटांत जोडलेल्या असतात. एका गटावर गडद सावली पडली की तो अख्खा गट बाजूला पडतो, दोन गट पडले की उरलेल्या एकाचा दाब बारा व्होल्टची बॅटरी भरायलाही पुरत नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढुशा पदराले भितस मंग ते काय कामनं?"

त्यांना दुसरीही गोष्ट पटत नाही, आणि ती मलाही मोजल्याशिवाय पटली नव्हती. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. असं ऊन म्हटल्यावर पेटी दोन तासांत भरायला हवी, असं सगळ्यांना वाटतं. पॅनलला मात्र उजेड हवा असतो, ताप नको. त्याच्या पाठीवर लिहिलेले ३३० वॉट हे २५ अंशांवर मोजलेले असतात. त्याच्या पुढं दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट. भर दुपारी पॅनलची काच सत्तरीला टेकते, हात ठेववत नाही, तेव्हा सहावा हिस्सा त्या तापातच जातो, वर धूळ. म्हणून मे महिन्यात माथ्यावर सूर्य असताना मला अडीचशे मिळतात, आणि जानेवारीच्या कोवळ्या थंडीत, गव्हाला पाणी देऊन ह्यांचे हात गारठलेले असतात त्या दिवसांत, त्याहून जास्त. ज्या उन्हानं खान्देशाला बदनाम केलं, ते उन्हाच्याच कामाला फारसं येत नाही! पेटीलाही ताप सोसत नाही. ४५ अंशांच्या वर तिला भरणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. म्हणून ती घरातल्या सगळ्यात गार जागी, जुन्या मातीच्या जाड भिंतींच्या देवघराच्या खोलीत असते. पॅनल मी सकाळी उन्हं यायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसते. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नसतं.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागत नाही, श्रावणात लागते. कानबाईच्या रविवारी सगळे भाऊबंद घरी जमतात, रात्रभर जागर असतो, रोटांचा खमंग वास अंगणभर. त्या आठवड्यात आभाळ उघडलंच नव्हतं आणि पॅनलवर दिवसभरात दीड-दोनशे वॉट-तास जमले तर जमले. जागर रंगात आला आणि लाईट गेली. पेटीचा आकडा चाळीस. वीसेक माणसं, त्यात लेकुरवाळ्या बायका, एक पंच्याऐंशीचे जिभाऊ, ढोलकीवाला घामानं निथळलेला. देवीसमोर बल्ब हवा, स्वयंपाकघरात हवा, पोरांना मोबाईल चार्ज करायचे, कुणीतरी कूलरची पिन घेऊन आलं. कूलर दोनशे वॉट. मी नाही म्हटलं. मोबाईलचं बोर्ड काढून घेतलं. एक पंखा जिभाऊंकडे, एक बाळंतिणीकडे. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर सबस्टेशनच्या ऑपरेटर निघाल्या," आणि सगळे हसले. मीही हसले. पण कुणाला वारा मिळेल हे माझ्या बोटावर आल्यावर मला जे वाटलं ते निव्वळ ओझं नव्हतं. त्यात थोडी गोडी होती. आयुष्यभर ज्या न दिसणाऱ्या माणसाला आम्ही अंधारातून शिव्या घातल्या, त्याची खुर्ची मला रात्रभर मिळाली होती आणि ती मला आवडली होती. बाळंतिणीचा पंखा आधी की जिभाऊंचा, हे ठरवताना मी कुणालाही विचारलं नाही.

त्या रात्रीनंतर मी पेटी मोठी करायच्या फंदात न पडता घरातली भूक मोजायला घेतली. जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, पंखा तेवढाच वारा ३० मध्ये देतो. दोन पंखे बदलले आणि पेटी जागच्या जागी दुप्पट झाल्यासारखी वाटली. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-पंधरा वॉट गिळतो, म्हणून मोबाईल आणि राउटर थेट बारा व्होल्टवर नेले. साक्रीला जाताना शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पाची पाटी लागते. २०१३ पासूनचा तो प्रकल्प १२५ मेगावॉटचा, म्हणजे माझ्या पॅनलाच्या पावणेचार लाख पटींहून मोठा. तिथल्या विजेतली किती आपल्या गावात येते, असं पुतण्यानं गाडीत विचारलं. तारेत एकदा मिसळली की ते कुणालाच सांगता येत नाही. मला आमच्या पेटीचं बरं वाटलं, ते याच कारणानं असावं. मात्र एवढं मोजूनही ह्यांची मोटार थ्री फेजच्या पाळीवरच चालते, आणि पेटीतला बल्ब घेऊन ते रात्री बांधावर जातात तेव्हा साप दिसतो, एवढाच काय तो फरक पडला आहे.

सासूबाई आता चटणीचं मिक्सर दुपारी बारा-साडेबाराला लावतात. मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच पाहिलं की त्या वेळी मिक्सर फिरवला तरी आकडा खाली येत नाही, ऊन वरून घालत असतं. संध्याकाळी कुणी मिक्सरला हात लावला तर त्या आतून विचारतात, "कितला शे?" आकडा पन्नासच्या खाली असेल तर पाट्यावर वाटायला लावतात. सुना कुरकुरतात. पुतण्याला दुसरं पॅनल आणायचं आहे, शिवाय आणखी चार सेल जोडून पेटी चोवीस व्होल्टची करायची आहे. सेलच्या पैशांचं आमचं ठरलं. पॅनलच्या जागेचं अडलं आहे. सासूबाईंनी धाब्यावर गेरूनं रेघ मारून ठेवली आहे, रेघेच्या अलीकडं बिबडे, कुरडया आणि वाळवणाची मिरची, पलीकडं काय ते तुमचं. पलीकडच्या भागावर दुपारी तीननंतर टाकीची सावली येते. पुतण्यानं टाकी हलवायचा खर्च काढला आहे, आणि सासूबाई म्हणतात, जेठ लागेपर्यंत वर कुणी यायचंच नाही.